रोज एक माणूस? मग गावात उरेल कोण? (व्हॅम्पायर मालिका पहिल्यांदाच बघणाऱ्यांसाठी)

डिसेंबरातली रात्र. निफाडचा पारा किती घसरला ते बातम्यांत सांगून झालं होतं, इंदिरानगरच्या आमच्या घरात खिडक्या लावून घेतल्या होत्या आणि मी गोधडीत शिरून लॅपटॉपवर मालिका बघत होते. शेजारी आई मेथी निवडत बसलेली. पडद्यावर एक देखणा, फिकुटलेला तरुण एका बाईच्या मानेशी वाकला. आईने चष्मा सारखा केला.

"हा काय करतोय गं?"

"रक्त पितोय."

"रोज पितो?"

"रोजच."

"रोज एक माणूस?" मेथीची एक पिवळी काडी बाजूला टाकत ती म्हणाली, "मग गावात उरेल कोण? आणि पोलीस काय करतात?"

मी हसले. पण व्हॅम्पायरच्या, म्हणजे मरूनही रक्तावर जगत राहणाऱ्या माणसांच्या, मालिका गेली काही वर्षं बघून, त्यातल्या बऱ्याच अर्ध्यात सोडून सांगते, चांगली व्हॅम्पायर मालिका आणि टाकाऊ व्हॅम्पायर मालिका यांत फरक करायला आईच्या या प्रश्नाएवढी उपयोगी चाळणी मला अजून मिळालेली नाही. "हे काय भुताखेताचं बघता तुम्ही" असं म्हणून पुढे सरकणाऱ्यांसाठी, आणि बघावंसं वाटतं पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही अशांसाठी, हा लेख.

पहिली पायरी: डोक्यातलं भूत उतरवा

आपल्या पिढीच्या डोक्यात भयपट म्हणजे रामसे बंधू आणि त्यांचा 'झी हॉरर शो'. करकरणारा दरवाजा, धुरळा, निळा उजेड. त्याची मजा वेगळी, तिला नावं ठेवायची नाहीत. पण त्या अपेक्षेने आजच्या चांगल्या मालिका लावल्यात तर दुसऱ्या भागात झोप येईल. इथे दचकवणं फार कमी असतं. बोलणं भरपूर. दोन माणसं (त्यातलं एक मेलेलं) स्वयंपाकघरात बसून भाड्यावरून, जुन्या प्रेमावरून किंवा देवावरून वाद घालताहेत, असाच निम्मा वेळ जातो.

आणि विषय परदेशी म्हणून नाक मुरडू नका. ज्या गावाचं नावच शूर्पणखेच्या नाकावरून पडलं असं सांगतात, तिथल्या माणसाने तर नाक जपूनच वापरावं. १८७० मध्ये रिचर्ड बर्टनने वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेल्या तेव्हा त्याने वेताळाला बेधडक 'व्हॅम्पायर' म्हटलं. झाडाला उलटा लटकणारा, प्रेतात शिरून बोलणारा आपला वेताळ रक्त पीत नाही, तो कोडी घालतो. म्हणजे भुताने माणसाच्या अकलेची परीक्षा घ्यायची ही कल्पना आपल्याला नवी नाही. रक्ताचं म्हणाल, तर वणीच्या सप्तशृंगीसमोरच्या डोंगरावर बसून मार्कंडेय ऋषी देवीला पुराण ऐकवत, म्हणून तिची मान किंचित कललेली, असं आपण लहानपणापासून ऐकतो. त्याच पुराणातल्या देवीमाहात्म्यात रक्तबीज आहे. त्याच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की नवा राक्षस उभा राहतो, आणि शेवटी देवीच ते रक्त जमिनीवर पडण्याआधी पिऊन टाकते. रक्त पिणारा तो वाईटच, हे समीकरण आपल्याकडे कधीच इतकं सोपं नव्हतं.

दुसरी पायरी: आईचा प्रश्न खिशात ठेवा

आता जरा हिशेब करू. समजा नाशकात एकच व्हॅम्पायर आला. तो महिन्याला फक्त एकाला चावतो आणि चावलेला प्रत्येक जण व्हॅम्पायर होऊन तेच करतो. दर महिन्याला संख्या दुप्पट. दहा महिन्यांत १,०२४. वीस महिन्यांत १० लाख ४८ हजार. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या १४ लाख ८६ हजारांच्या आसपास होती. म्हणजे एकविसाव्या महिन्यात पंचवटीपासून पाथर्डी फाट्यापर्यंत चावायला कोणी शिल्लक नाही, आणि तेहतिसाव्या महिन्यात अख्ख्या पृथ्वीवर नाही.

म्हणून जी मालिका डोकं लावून लिहिलेली असते ती आधी ही गळती बुजवते. बहुतेक जण असं ठरवतात, की नुसत्या चाव्याने कोणी व्हॅम्पायर होत नाही. त्यानेही व्हॅम्पायरचं रक्त प्यावं लागतं. झालं, संख्या आटोक्यात आली. राहिला दुसरा भाग: आज रात्रीचं जेवण कुठून आलं?

या एका प्रश्नाला कोण काय उत्तर देतं, त्यावर त्या त्या मालिकेचं अख्खं जग उभं राहतं.

'ट्रू ब्लड' (२००८ ते २०१४) म्हणते, जपानी शास्त्रज्ञांनी कृत्रिम रक्त बनवलं, ते आता दुकानात बाटलीत मिळतं. म्हणजे व्हॅम्पायरना लपून राहायची गरज उरली नाही. ते टीव्हीवर येऊन समान हक्क मागतात. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या लुइझियाना राज्यात, जिथे गोऱ्या-काळ्यांत कोण कुणाशेजारी बसणार हा प्रश्न फार जुना आहे, तिथे एक व्हॅम्पायर गावातल्या बारमध्ये येऊन बसतो आणि सगळ्यांच्या माना वळतात. पुढची गंमत अशी की माणसंच व्हॅम्पायरना पकडून त्यांचं रक्त काढतात आणि नशेसाठी विकतात. शिकारी कोण आणि शिकार कोण, ते एका फटक्यात उलटं. पहिले तीन सीझन जरूर बघा. पुढे परी, चेटकिणी, माणसाचे होणारे लांडगे असं सगळं गाव जेवायला आलं आणि पंगत बिघडली, असं माझं मत.

'बीइंग ह्यूमन' ही बीबीसीची मालिका (२००९ ते २०१३) म्हणते, जेवण नाहीच, उपवास. ब्रिस्टलमध्ये एका भाड्याच्या घरात एक व्हॅम्पायर, एक नरलांडगा आणि एक भूत असे तिघं राहतात. व्हॅम्पायर पहिल्या महायुद्धात 'झाला', आता हॉस्पिटलात सफाईचं काम करतो आणि रक्त सोडायच्या प्रयत्नात आहे. ज्यांनी घरात कुणाला दारू सोडताना पाहिलंय त्यांना हे बघताना दात-सुळे आठवणारच नाहीत. आठवतील ते 'आजचा दिवस गेला' म्हणून मोजलेले दिवस, आणि जुने मित्र परत भेटल्यावर चेहऱ्यावर येणारी ती ओशाळी भूक.

'अल्ट्राव्हायोलेट' (१९९८, फक्त सहा भाग) ही ब्रिटिश मालिका आईच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते: पोलीस काय करतात? तर हेच. सरकारी पथक, सूट घातलेली थकलेली माणसं, फायली. 'व्हॅम्पायर' हा शब्द अख्ख्या मालिकेत कोणी उच्चारत नाही. रोमन पाच म्हणजे V, म्हणून 'कोड फाइव्ह' म्हणतात. आरशात न दिसण्याचा जुना नियम इथे कॅमेऱ्याला लावलाय: ते व्हिडिओत दिसत नाहीत, म्हणून पथकाच्या बंदुकांवर छोटा पडदा असतो. समोर माणूस उभा आहे, पडद्यावर रिकामा रस्ता. झाडा गोळी.

तिसरी पायरी: नियमांचा कागद

ही माझी स्वतःची सवय, पण नवख्यांना फार कामाला येते. भिंतीवरच्या कॅलेंडरचं संपलेल्या महिन्याचं पान घ्या आणि नवी मालिका लावली की त्यावर तिचे नियम लिहा. ऊन चालतं का? आरशात दिसतो का? लसूण? उंबरठा?

लसणाचं एका ओळीत आटपू: तो नियम खरा असता तर ज्या घरात खलबत्त्यात लसणाची चटणी कुटली जाते तिकडे कोणी फिरकलंच नसतं. आजकालच्या मालिका बहुधा त्याची चेष्टा करून पुढे जातात.

उन्हाचा नियम आपण समजतो तेवढा प्राचीन नाही. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या कादंबरीत ड्रॅक्युला दिवसाढवळ्या लंडनमध्ये फिरतो. फक्त त्याची शक्ती तेव्हा कमी असते. उजेडाने तो संपतो ही कल्पना १९२२ च्या जर्मन मूकपटातली. त्या काळात आपल्याकडे त्र्यंबकला जन्मलेले दादासाहेब फाळके नाशकातून मूकपट काढत होते आणि कॅमेऱ्याच्या करामतींनी देव प्रकट करत होते. तिकडच्या माणसाने त्याच जातीच्या करामतीने भूत विरघळवून दाखवलं. सिनेमा म्हणजे उजेडाचाच खेळ, त्यामुळे हा नियम चिकटला तो चिकटलाच.

पण सगळ्यांत रुचकर नियम उंबरठ्याचा. बोलावल्याशिवाय व्हॅम्पायर घरात येऊ शकत नाही. दारात उभा राहून गोड बोलेल, पण तुम्ही "या ना आत" म्हणेपर्यंत पाऊल टाकता येणार नाही. ज्या संस्कृतीत उंबरठ्यावर रांगोळी आणि हळदकुंकू असतं तिला हे समजावून सांगावं लागत नाही. चांगले लेखक या नियमाशी वकिलासारखे खेळतात. 'ट्रू ब्लड'मध्ये दिलेलं आमंत्रण परत घेता येतं. घेतलं की तो अदृश्य हाताने ओढल्यासारखा उलटा चालत दाराबाहेर जातो. 'द व्हॅम्पायर डायरीज'ला (२००९ ते २०१७) मी बुद्धिमान म्हणणार नाही, ती शाळा-कॉलेजातल्या प्रेमाची मालिका आहे, पण तिच्या दुसऱ्या सीझनमध्ये एक झकास डाव आहे. व्हॅम्पायर असलेले दोन भाऊ स्वतःचं घर कायदेशीररीत्या नायिकेच्या नावावर करून देतात. आता घर तिचं, ती माणूस, म्हणजे तिच्या परवानगीशिवाय कोणताच व्हॅम्पायर आत येणार नाही. सही होते आणि ते दोघेही स्वतःच्याच घराच्या दारात उभे राहतात, तिने "या" म्हणायची वाट बघत.

हा भाग मी आईला मुद्दाम दाखवला. ती म्हणाली, "म्हणूनच म्हणते, घर हयातीत कुणाच्या नावावर करू नये."

चौथी पायरी: सुरुवात नेमकी कुठून

तुम्ही कोण आहात त्यावर आहे.

हसायला आवडत असेल तर 'व्हॉट वी डू इन द शॅडोज' (२०१९ ते २०२४). भाग वीस-पंचवीस मिनिटांचे, जेवताना एक होतो. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर काही शतकं जुने व्हॅम्पायर एकत्र राहतात. आले होते अमेरिका जिंकायला, गल्लीपलीकडे काही गेले नाहीत. त्यांच्यात एक कॉलिन रॉबिन्सन आहे: टक्कल, चष्मा, ऑफिसात नोकरी. तो रक्त पीत नाही. तो माणसांना कंटाळवून त्यांची शक्ती शोषतो. मी हे पात्र पहिल्यांदा पाहिलं त्याच आठवड्यात एका सोसायटीच्या वार्षिक सभेला गेले होते. एका सभासदाने मागच्या सभेचं इतिवृत्त शब्दशः वाचून दाखवावं अशी सूचना मांडली, मग त्यातल्या 'पाणीपट्टी' शब्दाच्या व्याख्येवर हरकत घेतली. रात्री सव्वाअकराला त्यांचा चेहरा अगदी टवटवीत होता. बाकी आम्ही सगळे खुर्चीला टेकलेले, पांढरे.

गंभीर, एकाच सीझनमध्ये आटपणारं काहीतरी हवं असेल तर 'मिडनाइट मास' (२०२१, सात भाग). ही या यादीत आहे म्हणताच थोडं गुपित फुटतं, त्याला इलाज नाही, पण 'व्हॅम्पायर' शब्द इथेही कोणी उच्चारत नाही. एक छोटं मच्छीमार बेट, तेलगळतीने मासेमारी बुडालेली, तरुण निघून गेलेले, आणि चर्चमध्ये एक नवा पाद्री येतो. त्याच्या येण्याने चमत्कार सुरू होतात. आंधळी श्रद्धा विरुद्ध विज्ञान असा बाळबोध सामना इथे नाही. यातली श्रद्धाळू माणसं मूर्ख नाहीत, आणि म्हणूनच छातीत धडधडतं. कुंभमेळ्याच्या गावात राहून गर्दीतली श्रद्धा जवळून पाहिलेल्या माणसाला यातली प्रार्थनेची दृश्यं जास्त कळतील असं मला वाटतं. संवाद लांब आहेत. दोन-दोन माणसं दहा-दहा मिनिटं मरणावर बोलतात. त्यावेळी फोन हातात घेतलात तर मालिका हातातून गेली.

हिंदीतून, घरच्या वळणाचं काही हवं तर 'टूथ परी' (२०२३): कोलकाता, व्हॅम्पायर मुलीचा सुळा तुटतो आणि तिला दातांच्या डॉक्टरकडे जावं लागतं. कल्पना इतकी गोड आहे की पुढचं विस्कळीतपण माफ करावंसं वाटतं.

आणि 'बफी' (१९९७ ते २००३). या सगळ्यांची आजी. सात सीझन, १४४ भाग, म्हणजे साधारण शंभर तास. शाळेतली पोरगी रात्री व्हॅम्पायर मारते. पहिला सीझन बारा भागांचा आणि स्वस्तातल्या मेकअपचा आहे. कळ सोसून काढा. मग चौथ्या सीझनमध्ये एक भाग येतो ज्यात अख्ख्या गावाचा आवाज चोरीला जातो आणि बराच वेळ कोणी एक शब्द बोलत नाही. पाचव्यात एक भाग येतो ज्यात नायिकेची आई मरते. भुताने नाही, चाव्याने नाही. आजाराने, दुपारी, घरातल्या सोफ्यावर. त्या भागाला पार्श्वसंगीत नाही. मुलगी दारातून हाक मारत आत येते, मग फोन लावते, मग मदत येईपर्यंत काय करायचं ते तिला कळत नाही. बाहेरून मुलं खेळल्याचा आवाज येत राहतो. चार सीझन जिने मेलेल्यांना रोज मातीत मिळवलं तिला एक साधं मरण हाताळता येत नाही. मी हा भाग एकदाच पाहिलाय.

पाचवी पायरी: इथवर आलात तर

आता 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर' (पहिला सीझन २०२२, दुसरा २०२४). ही आधी लावू नका, कारण नंतर बाकीच्या पाणचट लागतात.

मूळ कादंबरी १९७६ ची. तिच्यात मुलाखत देणारा व्हॅम्पायर लुई हा अठराव्या शतकातला गोरा मळेवाला आहे. मालिकेने त्याला १९१० च्या न्यू ऑर्लिन्समधला कृष्णवर्णीय माणूस केलं: पैसेवाला, वेश्यावस्तीत धंदा असलेला, पण गोऱ्यांच्या पत्त्यांच्या टेबलावर तोलूनमापूनच बसता येणारा. एवढ्या एका बदलाने गोष्टीची जात पालटते. माणूस अमर होतो, ताकद दहापट होते, आणि तरी मागच्या दारानेच यायला सांगितलं जातं. मग तो काय करेल?

त्यात पुन्हा ही सगळी हकीकत तो एका म्हाताऱ्या, आजारी, तिरकस पत्रकाराला दुबईत बसून सांगतोय. आणि दुसऱ्यांदा सांगतोय. पहिली मुलाखत १९७३ ला झालेली, तिच्या टेपा पत्रकाराजवळ आहेत. 'तेव्हा तू वेगळं सांगितलं होतंस' असं तो मध्येच म्हणतो आणि लुईचा चेहरा क्षणभर थिजतो. पाऊस होता की नव्हता, एवढ्याशा गोष्टीवरून दोघं थांबतात. इथे कागद-पेन घेऊनच बसा. कोण खोटं बोलतंय आणि कोण नुसतं विसरलंय, ते ओळखण्यातच अर्धी मजा.

आणि क्लॉडिया. चौदाव्या वर्षी व्हॅम्पायर झालेली मुलगी. मन वाढतं, वाचन वाढतं, प्रेम करावंसं वाटतं, शरीर चौदाचंच. आपल्याकडे अश्वत्थामा आहे, कपाळावरची जखम घेऊन तेल मागत भटकणारा, ज्याला मरण येत नाही हीच शिक्षा. अमृताचा थेंब आमच्या गावात पडला म्हणून आम्ही बारा वर्षांनी गोदेला गर्दी करतो, पण अमर झालेल्याचं पुढे काय झालं हे विचारायला अश्वत्थाम्याकडेच जावं लागतं. क्लॉडिया बघताना मला सतत तो आठवत होता.

बघताना

'ट्रू ब्लड' आणि 'इंटरव्ह्यू' मुलांसमोर लावू नका, सासू-सासऱ्यांसमोर तर त्याहून नको. हिंसा आहेच, बाकीचंही उघडं आहे. इंग्रजी सबटायटल चालू ठेवा. लुइझियानाचा उच्चार भल्याभल्यांना कळत नाही. कुठली मालिका कुठल्या ॲपवर आहे ते सतत बदलतं, नाव टाकून शोधणं हाच उपाय. आणि दिवसाला एकच भाग. सलग पाच पाहिले की रात्री दोनला पाणी प्यायला उठताना बाल्कनीच्या काचेत आपलं प्रतिबिंब दिसतंय ना, ते तपासावंसं वाटतं.

शेवटचं, एकट्याने बघू नका. आम्ही चौघी जणी आठवडाभर तेच दोन-तीन भाग बघतो आणि रविवारी सकाळी मिसळीवर भेटतो. लालभडक तर्री समोर ठेवून या विषयावर बोलायला वेगळीच लज्जत येते. नियम एकच, विक्रमाचा: जिने पुढचं पाहिलंय तिने तोंड उघडायचं नाही. उघडलंच, तर वेताळ परत झाडावर आणि चौघींचं बिल तिच्याकडे. गेले दोन रविवार मीच देतेय.